ऑनलाइन शिकवणी घेणार? आधी विचारा, पोराच्या हातात मोबाईल कधी येतो

मी बेळगावात दहावीचं गणित शिकवतो, निम्मी पोरं खानापूर तालुक्यातली, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडनं रोज यायचं म्हणजे हालच की, म्हणून तेवढे महिने ऑनलाइन. पहिल्या वर्षी झूम लावून संध्याकाळी पाचला तासभर बोलत बसलो. फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडतंय ते सोडा, पाचला घरात मोबाईलच नसतोय, तो बापाबरोबर कामावर असतो!

त्यामुळं पहिलं काम, प्रत्येक पोराला विचारून वहीत लिहायचं : मोबाईल किती वाजता मिळतो, रेंज घरात येते का टेकावर जावं लागतंय, दिवसाला डेटा किती. वेळापत्रक त्यावरनं. माझं आता धडा रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर, लाइव्ह फक्त रविवारी, तेही शंकांपुरतं.

धडा आखताना शेवटाकडनं या. आठवड्यानं पोराला कुठलं गणित स्वतः सोडवता आलं पाहिजे ते आधी लिहा, मग त्याला लागेल तेवढंच शिकवा. व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटच्या कोर्सेसवर अभ्यास झालेला त्यातपण सहा मिनिटांच्या आतलेच व्हिडिओ पोरं जास्त बघतात असं निघालं. तोंड दिसायची गरज नाही, दोन डब्यांवर मोबाईल आडवा ठेवा, खाली कागद आणि स्केचपेन, झालं. रेंज कमी असलेल्यांना पानाचा फोटो आणि व्हॉइस मेसेज.

खरी मेहनत प्रश्नांवर घ्या. "समजलं का?" विचारलं की सगळे अंगठा टाकून मोकळे. मी ७, ११, १५ ही दर उडीला ४ नं वाढणारी श्रेढी देऊन २०वं पद विचारलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर ८७. बरोबर उत्तर ८३. म्हणजे पोरांनी ४ ला १९ ऐवजी २० नं गुणलंय, विसावं पद म्हणून वीस उड्या! मग दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ फक्त उड्या मोजण्यावर केला, चार खडू ओळीनं मांडून, खडू चार पण मधल्या फटी तीनच. चुकलेलं उत्तर बघून चूक कुठं झाली ते कळेल असाच प्रश्न काढा आणि उत्तर वहीच्या फोटोतनं मागा, सगळ्या पायऱ्यांसकट. तोच प्रकार तीन दिवसांनी परत, मग आठवड्यानं, आकडे बदलून.

आणि यूट्यूबवरचे महाराष्ट्र बोर्डाचे व्हिडिओ फॉरवर्ड करायच्या आधी बघून घ्या. त्यांचं गणित ४०-४० च्या दोन पेपरात, आपल्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, ८० चा एकच पेपर, धड्यांचा क्रमपण वेगळा, पोरं गोंधळतात आणि रविवारचा निम्मा वेळ तेच निस्तरण्यात जातोय.