जुन्या डेस्कटॉपवर व्हीआर: कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रिफर्बिश्ड पीसी बघायला गेलात की एक कॉन्फिगरेशन हमखास पुढे येतं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, डबा डेल ऑप्टिप्लेक्सचा किंवा त्याच जातकुळीचा. बऱ्याच घरांत टेबलाखाली हाच पीसी आहे. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट हा व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट बाजारात आला, तेव्हा कंपनीने शिफारस केलेला प्रोसेसर आय५-४५९० हाच होता. सोबत जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड आणि आठ जीबी रॅम. ती जुनी यादी कुठेतरी वाचून लोक हिशेब मांडतात: प्रोसेसर आहे, रॅम आहे, फक्त कार्ड टाकायचं बाकी.

पण ती यादी तेव्हाच्या हेडसेटची. रिफ्टमध्ये दोन्ही डोळ्यांचे पडदे मिळून २१६० × १२०० पिक्सेल होते. मेटाच्या आजच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एकेका डोळ्यासमोर २०६४ × २२०८ आहेत, म्हणजे एकूण साधारण साडेतीनपट. शिवाय रिफ्टला चित्र थेट एचडीएमआयने जायचं. क्वेस्टला ते आधी व्हिडिओ म्हणून एन्कोड करून, म्हणजे दाबून लहान करून, मग यूएसबी किंवा वायफायवरून पाठवावं लागतं. त्यामुळे जुन्या पीसीवर व्हीआर अडतं ते बहुतेक वेळा कार्डाच्या ताकदीवर नाही, कार्डाच्या आजूबाजूला.

एसएमपीएस न बघता कार्ड घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या टॉवरमध्ये २९० वॉटचा एसएमपीएस येतो आणि कार्डासाठी लागणारा सहा किंवा आठ पिनचा कनेक्टर त्याला नसतो. बरं, बदलू म्हटलं तर मदरबोर्डचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे; वेगळा अडॅप्टर आणावा लागतो. त्यातही डबा स्मॉल फॉर्म फॅक्टरचा असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड आत बसतच नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, तो प्रकार इथे सुरू होतो.

असेंबल्ड पीसीत वेगळीच गोची. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापलेलं असतं. तो आकडा सोडा. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर हातात २१६ वॉटच आहेत. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट खातं, आय५-४५९० चे कमाल ८४ धरा. बेरीज तिथेच फसते.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. डेस्कटॉपवर सगळं ठीक, यूट्यूब ठीक, पण हेडसेट घालून गेम सुरू झाला की मिनिटभरात पीसी थेट रीस्टार्ट, निळी स्क्रीन नाही, एरर नाही. असं झालं की लोक विंडोज फॉरमॅट करतात, ड्रायव्हर बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस मागून लावून बघा. आणि मोलेक्सपासून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनच्या कनेक्टरपासून) आठ पिन करणारा स्वस्त कन्व्हर्टर कृपा करून वापरू नका. आठ पिनच्या कनेक्टरवर १५० वॉटपर्यंत ओढ असू शकते, ती त्या बारीक तारांना झेपत नाही आणि प्लास्टिक वितळतं.

जाता जाता यूपीएसचंही बघा. घरोघरी असणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. नवं कार्ड, मॉनिटर, राउटर सगळं त्यावर असेल तर लाइट गेल्यावर तो बॅकअप देत नाही, एक शिटी मारून बंद होतो.

‘कनेक्टर लागत नाही’ म्हणून कुठलंही कार्ड उचलणं

एसएमपीएस बदलायचा नाही म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड शोधलं जातं, आणि दुकानदार जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ६४०० पुढे करतो. दोन्ही क्वेस्टसाठी चुकीची. साधं १६५० मेटाच्या लिंकच्या (क्वेस्ट पीसीला जोडणाऱ्या सोयीच्या) समर्थित यादीत नाही. १६५० सुपर आहे, पण त्याला सहा पिनचा कनेक्टर लागतो. जीटीएक्स १०६० चंही तसंच: सहा जीबीचं चालतं, तीन जीबीचं यादीत नाही. आरएक्स ६४०० आणि थोडी वीज जास्त मागणारं त्याचं भावंड आरएक्स ६५०० एक्सटी, या दोघांत तर व्हिडिओ एन्कोडरच नाही. मॉनिटरवर गेम चालतील, हेडसेटकडे चित्र पाठवायची वेळ आली की हात वर. वर ही दोन्ही कार्डं पीसीआयईच्या (कार्डाच्या स्लॉटच्या) चारच लेन वापरतात, त्यामुळे जुन्या, पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये आणखी मार खातात.

इंटेलचं आर्क कार्ड स्वस्तात दिसलं तरी जुन्या बोर्डावर नको. त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो चौथ्या पिढीच्या बोर्डांच्या बायॉसमध्ये सहसा नसतो.

कनेक्टरशिवायच भागवायचं असेल तर आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं, ७० वॉटचं कार्ड बघावं. हलके गेम निघतात, त्यापलीकडे फार आशा ठेवू नये. माझ्या मते मात्र चांगला एसएमपीएस घेऊन सेकंड हँड आरटीएक्स २०६० किंवा ३०६० बसवणं शहाणपणाचं. जीटीएक्स १०८० अजून दमदार आहे, हे खरं. पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केलेत, म्हणून भाव पाडून मागा. सेकंड हँड कार्ड पैसे देण्याआधी जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडाच. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या कार्डात शेडर (चित्राचं गणित करणारे घटक) २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ती कापलेली आवृत्ती आहे.

प्रोसेसरचा दोष कार्डावर ढकलणं

९० हर्ट्झवर एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटरवर एखादी फ्रेम उशिरा आली तर कळतही नाही. हेडसेटमध्ये तीच फ्रेम डोकं वळवताना झटका बनते. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) छान दाखवणारा पीसी म्हणूनच व्हीआरमध्ये मळमळवतो. पोटात ढवळलं की लोक आलेपाक चघळतात, फ्रेम मात्र कुणी मोजत नाही.

मोजायला स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फ्रेम टायमिंगचा आलेख आहे, त्यात सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयूची (कार्डाची) रेघ वेगवेगळी दिसते. तेवढंही नको असेल तर रेंडर रिझोल्यूशन निम्मं करा. झटके गेले तर कार्ड कमी पडत होतं. जसेच्या तसे राहिले तर दोष प्रोसेसरचा नाहीतर नेटवर्कचा, आणि कार्ड बदलून काहीच हाती लागणार नाही.

आय५-४५९० ला चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. क्वेस्टचं सॉफ्टवेअर, स्टीमव्हीआर, गेम आणि मागे चालू राहिलेला क्रोम, एवढ्यांत ते वाटले जातात. त्याच सॉकेटवर आय७-४७७० किंवा ४७९० बसतो, आठ थ्रेड मिळतात. बायॉस अपडेट करून, नवी थर्मल पेस्ट लावून बसवा. रॅमही १६ जीबी करा, आणि ती दोन काड्यांत. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा व्हीआर गेम २०२० सालचा, पण त्याचीच किमान मागणी आय५-७५०० आणि १२ जीबी रॅमची आहे. एएमडीचा एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड असलेले यात सुखी. बायॉस अपडेट करून जुन्या बी४५० बोर्डावरही रायझन ५ ५६०० प्रोसेसर चालतो. चौथ्या पिढीच्या इंटेलवर याहून जास्त पैसे घालू नयेत, कारण तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

इंटरनेटचा प्लॅन वाढवणं

एअर लिंक (वायफायवरची लिंक) अडखळतंय म्हणून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेले लोक भेटतात. चित्र पीसीकडून राउटरकडे आणि तिथून हेडसेटकडे जातं. त्यात इंटरनेट येतच नाही. पीसी राउटरला लॅन केबलनेच जोडा, यूएसबी वायफाय डोंगलने नको. राउटर ज्या खोलीत खेळता तिथेच, आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर.

मग विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर एक तर राउटरचे पोर्टच १०० चे आहेत, नाहीतर केबल. केबलवाल्याने जागेवर क्रिम्प केलेल्या वायरीत पुष्कळदा आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतात. पारदर्शक टोक उजेडात धरलं की दिसतं. फॅक्टरीत बनलेली कॅट ६ केबल लावली की हा रोग जातो.

केबलनेच खेळणार असाल तर ती कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावा, पुढच्या पॅनेलला नको. मेटाच्या पीसी अ‍ॅपमध्ये केबलचा वेग तपासायची सोय आहे. काही शे एमबीपीएसच आला तर ती यूएसबी २ वर चालली आहे असं समजा.

स्वस्त हेडसेटला भुलणं

एचपी रिव्हर्ब जी२, सॅमसंग ओडिसी, लेनोवो एक्सप्लोरर हे सेकंड हँडमध्ये फार स्वस्त दिसतात. ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या व्हीआर सॉफ्टवेअरवर चालतात आणि मायक्रोसॉफ्टने ती विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. जुन्या विंडोजवर ठेवलेल्या पीसीत ते अजून चालतील, अपडेट झाला की अधिकृत आधार गेला. व्हॉल्व्ह इंडेक्ससारखा तारेचा हेडसेट घेत असाल तर कार्डावर डिस्प्लेपोर्ट आहे ना ते बघा. एचडीएमआयपासून डिस्प्लेपोर्ट करणारा साधा कन्व्हर्टर चालत नाही, आणि मदरबोर्डच्या पोर्टात वायर खुपसूनही उपयोग नाही.

आणि खेळायची जागा पंख्याखाली आखू नका. कंट्रोलर हातात धरून हात वर केला की आपल्याकडच्या छताच्या पंख्यापर्यंत सहज पोचतो, आणि हेडसेटच्या आतून तो दिसत नाही.