फळं मद्यात मुरवताना: आधी पाण्याचा हिशेब

मद्यात मुरवलेली फळं नासतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. बरणीत मद्य कमी पडलेलं असतं. बाटलीवर ४० टक्के लिहिलंय म्हणजे बरणीतही ४० टक्केच राहणार, असं आपण धरून चालतो. पण ताज्या फळाच्या वजनात ८० ते ९० टक्के पाणी असतं आणि ते फळातच बसून राहत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पाणी बाहेर येतं, अल्कोहोल आत शिरतं आणि शेवटी आतबाहेर एकच प्रमाण होतं. ते प्रमाण किती असेल, हे बरणी भरण्याआधी कागदावर काढता येतं.

५०० ग्रॅम आलुबुखार घ्या. त्यात साधारण ४२५ मिली पाणी. त्यावर ४० टक्क्यांची व्होडका ५०० मिली, म्हणजे निव्वळ अल्कोहोल २०० मिली. साखर १२५ ग्रॅम. ती विरघळली की ७५-८० मिली जागा घेते. एकूण द्रव झाला सुमारे एक लिटर आणि त्यात अल्कोहोल २० टक्के. हेच लक्ष्य. वाइन आंबवणारं यीस्ट साधारण १४ ते १६ टक्क्यांवर थकतं, चिवट जातीचं १८ पर्यंत तग धरतं. पोर्टसारख्या गोड वाइनमध्ये आंबणं थांबवायला मुद्दाम स्पिरिट घालून २० टक्क्यांच्या आसपास नेतात, ते याचसाठी. आता त्याच ५०० ग्रॅम फळावर फक्त २५० मिली व्होडका ओतली तर? हिशेब १३-१४ टक्क्यांवर येतो. अशी बरणी थोड्या दिवसांत फसफसू लागली तर नवल नाही.

म्हणून ताज्या फळाला साधा नियम: ४० टक्क्यांचं मद्य असेल तर फळाच्या वजनाइतकं मद्य, आणि साखर फळाच्या पाव पट. साखर निम्म्यापर्यंत वाढवायची असेल तर मद्य ५० टक्क्यांचं किंवा त्याहून कडक घ्या. एक लिटरच्या बरणीत ४५० ग्रॅम फळ, ४५० मिली मद्य आणि ११० ग्रॅम साखर नीट बसते. वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेलं फळ कापण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतं आणि इथे सगळा भरवसा वजनावर आहे.

मद्य कोणतं

व्होडका फळाचा वास जसाच्या तसा पुढे आणते. चेरी, जर्दाळू, पीच यांना ब्रँडी जुळते. अननस, अंजीर, संत्र्याची साल यांना रम. फार महागडं मद्य यात वाया जातं, कारण महिनाभरात त्याचे बारकावे फळाखाली दडपून जातात. पण अगदी हलकंही नको, त्याचा घशाला लागणारा जाळ फळ झाकू शकत नाही. बाटली सीलबंद आणि पिण्यासाठीच बनवलेली हवी. सॅनिटायझर, औद्योगिक स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचा इथे विचारही करू नका. त्यांतली विषारी द्रव्यं मुरवल्याने किंवा गाळल्याने जात नाहीत.

फळ निवडणं आणि तयार करणं

पिकलेलं पण घट्ट फळ घ्या. देठाजवळ वास सुटलेला असावा आणि अंगठ्याने हलकं दाबलं तर खड्डा पडू नये. जास्त पिकलेलं फळ दोन आठवड्यांत विरघळून गाळ होतं. डाग, मार बसलेली जागा, किडीचं भोक असलेली फळं बाजूला काढा. 'तेवढाच भाग कापून' वापरण्याचं फळ हे नव्हे.

धुतल्यावर फळ पूर्ण कोरडं करणं फार महत्त्वाचं. कापडावर एका थरात पसरा, तासभर पंख्याखाली ठेवा. देठाच्या खळग्यात पाणी साचतं, तिथे कापडाचं टोक फिरवा. अर्धा किलो फळाबरोबर नकळत ३०-४० मिली पाणी बरणीत जाऊ शकतं, आणि वरचा हिशेब तेवढ्यानेच घसरतो.

सालीच्या फळांना टोचणं आवश्यक. चेरी, आलुबुखार, द्राक्ष यांच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. त्यातून मद्य आत जायला फार वेळ लागतो आणि बाहेरची साखर मात्र आतलं पाणी ओढत राहते. परिणामी फळ सुरकुततं आणि चिवट होतं. जाड सुईने प्रत्येक चेरीला देठापाशी आणि बुडाशी चार-पाच टोचे, आलुबुखाराला आठ-दहा टोचे आठळीपर्यंत खोल. चेरीचा देठ एक सेंटिमीटर ठेवून कापला तर फळ फाटत नाही आणि उचलायलाही सोपं जातं.

पीच आणि जर्दाळू उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद, लगेच गार पाण्यात, मग साल हाताने निघते. अर्धे करून आठळी काढा. आठळ्या बरणीत ठेवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्या आतल्या गरात अमिग्डालिन असतं, ते फुटलं की बदामाचा वास येतो आणि त्याबरोबर सायनाइडही मोकळं होतं. फुटलेली आठळी तर एकही नको. चेरी आठळीसकट मुरवायचीच असेल तर आठळ्या अखंड आहेत ना ते पाहा आणि बरणी वर्षानुवर्षं ठेवू नका.

सफरचंद आणि नासपती कापल्याबरोबर लिंबाच्या रसात घोळवा, नाहीतर काळी पडतात. स्ट्रॉबेरी आणि रासबेरी मऊ होणार आणि त्यांचा रंग द्रवात उतरणार हे धरून चाला. तिथे खरी कमाई द्रवाची असते. कलिंगड, खरबूज आणि केळं सोडून द्या. पहिली दोन नुसतं पाणी देतात, तिसऱ्याचा लगदा होतो.

बरणी भरणं

काचेची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी. प्लास्टिक नको, कडक मद्यात त्याचा वास उतरतो. धातूचं झाकण असेल तर मधे बेकिंग पेपरची चकती ठेवा, फळाच्या आंबटपणाने पत्रा गंजतो. बरणी गार पाण्यात ठेवून पाणी उकळवा, उकळी आल्यावर १० मिनिटं राहू द्या, मग पालथी घालून पूर्ण वाळवा आणि गार होऊ द्या. गरम बरणीत मद्य ओतू नका. ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ गार खोलीच्या थोडं वरच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, तेव्हा शेगडी चालू असताना हे काम त्या ओट्यावर करायचंच नाही. भरलेली बरणी लोणच्या-मुरंब्यासारखी उकळत्या पाण्यात ठेवणंही तितकंच धोक्याचं.

कापलेल्या फळावर साखर भुरभुरून दोन तास झाकून ठेवा. रस सुटतो, साखर ओली होते, आणि मग ती मद्यात लवकर विरघळते. कोरडी साखर थेट मद्यात टाकली तर तळाशी पांढरा थर होऊन आठवडाभर बसते, कारण साखरेला पाणी लागतं आणि अल्कोहोलमध्ये ती नाखुशीने विरघळते. फळ, सुटलेला सगळा रस आणि उरलेली साखर बरणीत घाला, वरून मोजलेलं मद्य. चमच्याच्या दांड्याने कडेने हलवून अडकलेली हवा काढा.

फळ तरंगतं आणि वर आलेला भाग हवेमुळे तपकिरी होतो. उपाय एकच, दाबून ठेवा. बरणीच्या तोंडातून जाईल अशी उकळून घेतलेली छोटी काचेची वाटी पालथी घाला, किंवा बेकिंग पेपर चुरगाळून वर दाबा. फळावर निदान दोन बोटं द्रव हवा. झाकणावर फळाचं नाव, तारीख, मद्याचं आणि साखरेचं प्रमाण लिहून चिकटवा.

दालचिनी, लवंग, व्हॅनिला घालायची असेल तर हात आखडता ठेवा: लिटरला बोटभर दालचिनीचा एक तुकडा किंवा तीन लवंगा. मद्य मसाल्याचा अर्क फळापेक्षा फार लवकर काढतं. आठवड्याने चाखा आणि पुरे वाटलं की मसाला काढून टाका. दोन महिने राहिलेल्या लवंगेनंतर बरणीत लवंगच उरते.

पहिले दहा दिवस रोज एकदा बरणी उलटसुलट करा, साखर विरघळली की थांबा. जागा अंधारी आणि गार हवी. उजेडात चेरीचा गडद लाल रंग विटकरी होतो. बेरी तीन-चार आठवड्यांत तयार, पीच-जर्दाळू सहा आठवड्यांत, चेरी आणि आलुबुखार दोन ते तीन महिन्यांत. वर्षभरात संपवा. आठळी काढलेली असेल तर त्यानंतर धोका वाढतो असं नाही, पण फळ फिकं आणि पिठूळ लागतं.

थरावर थर

जर्मनीतल्या रुमटॉफमध्ये उन्हाळाभर येईल ते फळ एकाच मातीच्या झिलईदार भांड्यात थराने चढवतात: प्रत्येक थराला फळाच्या निम्मी साखर आणि बुडेल इतकी रम. रम तिथे ५४ टक्क्यांची घेतात, आणि त्यामागे कारण आहे. दुसऱ्या थरापासून भांड्यात आधीचा रस असतोच, त्यामुळे फळ बुडवायला कमी रम लागते. ५०० ग्रॅम फळ, २५० ग्रॅम साखर आणि ३०० मिली रम धरली तर ५४ टक्क्यांच्या रमने तो थर १८ टक्क्यांच्या वर राहतो. ४० टक्क्यांच्या रमने १४ च्याही खाली. द्रव वरपर्यंत दिसतो म्हणून नवीन थराला मद्य हात राखून घालणं, हीच इथली नेहमीची चूक. कडक रम मिळत नसेल तर थराचा नाद सोडा आणि प्रत्येक फळाची वेगळी बरणी करा.

सुक्या फळांचा हिशेब उलटा. अंजीर, मनुका, जर्दाळू यांत पाणी कमी, ती मद्य शोषून फुगतात. २५० ग्रॅमला ५०० मिली घ्या, साखर नको. दुसऱ्या दिवशी पातळी खाली गेलेली दिसेल, तेव्हा वरून भर घाला.

बिघडलं कसं ओळखायचं

पहिल्या दिवशी फळाला चिकटलेले बारीक बुडबुडे म्हणजे आत अडकलेली हवा, त्याची चिंता नको. आठवड्यानंतरही बुडबुडे सरसर वर चढत असतील, झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल किंवा ताज्या पावासारखा वास असेल तर आंबणं सुरू झालं आहे. झाकणावर कापड धरून, तोंड लांब ठेवून हळूच उघडा आणि टाकून द्या. व्हिनेगरचा वास किंवा बुरशीचा ठिपका दिसला तरी तेच. वरची बुरशी काढून खालचं ठेवू नये.

गढूळपणा मात्र बहुधा निरुपद्रवी असतो. मऊ फळातलं पेक्टिन तरंगतं, ते मलमलच्या दुहेरी कापडातून आणि मग कॉफी फिल्टरमधून गाळल्यावर बरंचसं जातं. लिंबाच्या सालीच्या अर्कात पाक घातल्याबरोबर तो दुधाळ होतो, कारण सालीतलं तेल पातळ झालेल्या अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहू शकत नाही. अर्क कडू लागला तर सालीबरोबर आतला पांढरा भाग आला होता असं समजा. पुढच्या वेळी फक्त पिवळं सोला.

वाढताना प्रमाण सांभाळा. २० टक्क्यांपर्यंत मुरलेल्या १०० ग्रॅम फळात जवळपास ४० मिली व्होडकाइतकं अल्कोहोल असतं आणि गोडीमुळे ते जाणवत नाही. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी बरणी नको, गाडी चालवणाऱ्याला आणि गरोदर बाईला हे फळ देऊ नका.

फळ संपल्यावर उरलेल्या द्रवात पुन्हा ताजं फळ घालू नका. तो आता २० टक्क्यांचा आहे, तितक्याच वजनाचं फळ पडलं की ११ वर येईल. त्यात मूठभर सुके अंजीर किंवा मनुका घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.