नाताळची चित्रपुस्तकं आणि मुलांच्या हाताला काम

डिसेंबर लागला की सांगली-मिरजेच्या बालवाड्यांत कापसाची दाढी, लाल टोपी आणि थर्माकोलचा बर्फ निघतो. नव्याने रुजू झालेल्या ताईंना वाटतं, पुस्तक कुठलंही वाचलं तरी शेवटी कापूसच चिकटवायचा आहे. असं केलं की पुस्तक वाया जातं. प्रत्येक चांगल्या चित्रपुस्तकात एक मुख्य घटना असते: काहीतरी वितळतं, कुणीतरी पळतं, काहीतरी वाजतं. ती आधी शोधा आणि मुलांच्या हाताला तेच काम द्या.

एका वेळी आठ-दहा मुलंच घ्या. त्याहून जास्त झाली की मागच्यांना चित्र दिसत नाही आणि चुळबुळ सुरू होते. पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे ताईंनी पाटावर बसायचं, खुर्चीवर नाही. मजकूर इंग्रजी असेल तर वाचता वाचता भाषांतर करायला जाऊ नका, हमखास अडखळायला होतं. आदल्या दिवशी पानागणिक एक-दोन मराठी ओळी कार्डावर लिहून ठेवा आणि कार्ड पुस्तकाच्या मागे धरा. दहा मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आवराआवर.

सुरुवातीला शब्द नसलेलं पुस्तक सोपं जातं. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ (१९७८) पूर्ण चित्रांतूनच घडतं, त्यामुळे गोष्ट मुलंच मराठीत सांगतात. मूळ पुस्तकात नाताळ नाहीच, तो १९८२च्या ॲनिमेशनपटात आला. पण आता हे पुस्तक नाताळच्याच ढिगात सापडतं. शेवटी बर्फाचा माणूस वितळतो. म्हणून काम बर्फाचंच हवं.

ट्रेमधले सारख्या आकाराचे तीन खडे घ्या. प्रत्येक खडा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. एक उन्हात, एक सावलीत आणि एक लोकरी टोपीत चहूबाजूंनी गुंडाळून सावलीतच ठेवा. आधी विचारा, ‘टोपी घातलेल्याचं काय होईल?’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘त्याला गरम होईल, तो आधी वितळेल.’ होतं उलटं. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही, ती बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून तो खडा सगळ्यांत जास्त टिकतो. पिशव्या उघडल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात! सांगलीत डिसेंबरातही दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो, त्यामुळे उन्हातल्या खड्याची फार वाट पाहावी लागत नाही.

हा प्रयोग दोन कारणांनी फसतो. एक, खडे स्टीलच्या ताटात ठेवले जातात. स्टील खालून झपाट्याने उष्णता पोचवतं आणि फरक पुसट होतो. लाकडी पोळपाट किंवा प्लास्टिकचं झाकण वापरा. दुसरं, पिशवी गळते. ओली लोकर उष्णता तितकी अडवत नाही.

दुसरं पुस्तक पळणाऱ्या जिंजरब्रेड माणसाचं, म्हणजे आल्याच्या बिस्किटाच्या माणसाचं. ही जुनी लोककथा आहे, तिच्या अनेक सचित्र आवृत्त्या मिळतात. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ऐकत वाढलेल्या मुलांना तिची चाल लगेच सापडते, कारण इथेही एक ओळ पुन्हा पुन्हा येते. ती मराठीत घोळवून घ्या: ‘पळा पळा, कितीही पळा, नाही सापडणार आल्याचा बाळा!’ प्रत्येक पानाला मुलांनी ती एकसुरात म्हणायची.

काम अर्थातच बिस्किटांचं. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, दोन चहाचे चमचे सुंठ पूड, चार मोठे चमचे तूप, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. गूळ तीन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या आणि गार करा. दुधात नको, गरम दूध गुळाने फाटतं. ओलं आलंही नको. त्याच्या रसाने पीठ सैल होतं आणि बाळ भाजताना पसरतो. कणकेत तूप चोळा, लागेल तेवढंच गुळाचं पाणी घालून घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. हे ताईंनी आधीच करून आणायचं. मुलांकडे लाटणं, कापणं आणि डोळे लावणं.

जाडी अर्धा सेंटिमीटर, हात-पाय निदान दीड सेंटिमीटर रुंद. बारीक पाय आधी करपतात आणि उचलताना मोडतात. आपल्या बाळाचा पाय मोडला की त्या मुलाचं रडणं दिवसभर पुरतं. डोळ्यांना तासगावचे बेदाणे, पण अर्धे आत दाबून, नाहीतर वर आलेला बेदाणा जळून कडू होतो. चार वर्षांखालच्या मुलांना बेदाणे बारीक चिरून द्या, अख्खा बेदाणा घशात अडकू शकतो. ओव्हनमध्ये १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत तळाला मीठ पसरा, वर जाळी ठेवून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की काढा. बाळ मऊ वाटला तरी गार झाल्यावर कडक होतो. भाजण्याचं काम मोठ्यांचंच.

येशूजन्माच्या पुस्तकाबरोबर गव्हाण करा. इथल्या मुलांना गोठा समजावून सांगावा लागत नाही. शाडूची माती आणि कडब्याची चिपाडं पुरतात. वर लावायला चांदणी हवी असेल तर दिवाळीतला आकाशकंदील आहेच.

शेवटचं पुस्तक आवाजाचं. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या ‘द पोलर एक्स्प्रेस’मध्ये (१९८५) मुलाला ऐकू येणारी घंटा आईवडिलांना ऐकू येत नाही. घरोघरी बेंदराला बैलांसाठी आणलेली घुंगरं असतात, तीच मागवा. एक घुंगरू दोऱ्याला टांगून हलवा, मग तेच मुठीत घट्ट धरून हलवा. मुठीत धातूला नीट थरथरता येत नाही, आवाज दबतो. मुलांनी डोळे मिटून सांगायचं, घुंगरू दोऱ्यावर आहे की मुठीत. घुंगरं देताना मोजा आणि परत घेतानाही मोजा. एक जरी कमी भरलं तरी ते सापडल्याशिवाय वर्ग सोडू नका.