लॅपटॉप चांगला चालून राहिला, तरी बदलू का? पैसे मोजायच्या आधी हे करून पाहा

सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, लॅपटॉप पाच वर्षाचा झाला, चालून तर बरोबर राहिला, पण आता नवा घेऊन टाकू का?" माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइनचं दुकान आहे, फॉर्म, सातबारा, पीक विमा, झेरॉक्स, लग्नसराईत पत्रिका पण, आणि लोकांना वाटते की दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याला लॅपटॉपातलं सगळंच समजत असेल. सगळं नाही समजत. पण एक नवा लॅपटॉप घेऊन मी चांगला पस्तावलो आहे, म्हणून थोडं बोलू शकतो.

ते पस्तावणं आधी सांगतो. विम्याची शेवटची तारीख जवळ, दुकानात पंधरा-वीस जण उभे, आणि फॉर्म काही पुढं सरकेना. मी वैतागून ठरवलं की लॅपटॉप म्हातारा झाला, दुसऱ्या दिवशी एसटी पकडली अन् नवा घेऊन आलो. सुरू केला, तोच फॉर्म उघडला, तेच गोल गोल फिरणारं चक्र. अडून बसली होती ती तिकडली साईट आणि आमच्या गावातलं नेट. जुना लॅपटॉप बिचारा वाट पाहत बसत होता, आता नवा वाट पाहत बसला, एवढाच फरक.

म्हणून पहिलं काम, दुकानात जाऊ नका, मोबाइलवर ऑफर पाहू नका, एक वही घ्या. आठ दिवस लॅपटॉपच्या बाजूला ठेवा. जेव्हा जेव्हा काम अडेल तेव्हा एक ओळ लिहायची: काय करत होतो, किती वाजले, किती वेळ अडलं, लाइन होती का बॅटरीवर होतो, नेट चालू होतं का. "लय स्लो आहे" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. "दुपारी २, वर्डमध्ये पत्रिका, ४ मिनिट अटकला" असं लिहा. ज्याला हे लिहायचा कंटाळा येते त्याचं काम खरं तर फारसं अडतच नसते, असा माझा अनुभव आहे.

मग वहीतल्या ओळी वेगळ्या करायच्या. फक्त साईट उघडताना अडला असेल तर आधी नेट तपासा. तीच साईट त्याच वेळी मोबाइलवर उघडून पाहा, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर पाहा. आणि एक काम करा, नेट बंद करून लॅपटॉपातच सेव्ह असलेली एखादी जाड पीडीएफ उघडा, तीस-चाळीस पानांची. ती पटकन उघडते आणि खाली-वर सरकते, पण साईट मात्र हलत नाही, तर लॅपटॉप बदलून काहीच होणार नाही. हेच मी तेव्हा केलं असतं तर... जाऊ द्या.

आता आपल्याकडची खास गोष्ट, उन्हाळा. लॅपटॉप ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा असं बहुतेक कंपन्या सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, वरून टिनाचं छत. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो, बिघाड काहीच नसतो, पण आपल्याला वाटते लॅपटॉप गेला. याची परीक्षा फुकटात होते: एकच काम सकाळी सहाला करून पाहा आणि तेच काम दुपारी दोनला. सकाळी भराभर अन् दुपारी रडत असेल तर भानगड गरमीची आहे. आणि गरमीला जोड असते कचऱ्याची. माझ्या दुकानापासून जिनिंग जवळ आहे, हंगामात रुईचे तंतू हवेत उडत राहतात, ते पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. एकदा खालचं झाकण उघडलं तर आत वातीएवढा कापूस निघाला, खोटं नाही सांगत. साफ करून घ्या, स्वतः करत असाल तर आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, मऊ ब्रश वापरा आणि ब्लोअर मारताना पंख्यात काडी अडकवून तो धरून ठेवा, नाहीतर हवेनं गरगर फिरून खराब होते. तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची गरमी बाहेर ओढणारा लेप) पण बदलायला सांगा. गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते. आणि कूलरच्या थेट झोतात तर अजिबात ठेवू नका, त्या हवेत ओल असते, कधी थेंब पण येतात, आपल्याला थंड वाटते पण लॅपटॉपला ते चालत नाही.

हे सगळं पाहून झालं तरी वहीत ओळी उरल्या असतील तर मग आत डोकावायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकाच वेळी दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात परफॉर्मन्सवर जा. तुमचं रोजचं काम चालू ठेवून हे पाहायचं, रिकामा लॅपटॉप तर सगळ्यांचाच छान दिसतो.

तिथं डिस्क, म्हणजे फाइली साठवायची जागा, लिहिलेलं असेल, त्याच्या पुढं एचडीडी आहे का एसएसडी ते दिसते. एचडीडी असेल आणि ती घडीघडी १०० टक्क्यांवर जात असेल तर तुमचा रोग सापडला. एचडीडीत खरोखरची तबकडी फिरते, बऱ्याच लॅपटॉपांत मिनिटाला ५४०० फेरे, आणि एक काटा फाइल शोधत इकडून तिकडं पळतो, म्हणजे अंधाऱ्या गोदामात एकेक पोतं हुडकत फिरल्यासारखं. एसएसडीत फिरणारं काहीच नसते. साधी साटा जोडणीची एसएसडी पण सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, जुनी एचडीडी शंभरच्या आसपास, आणि बारीक बारीक फाइलींत तर फरक याच्याहून कितीतरी मोठा पडतो. सहा-सात वर्षाचा लॅपटॉप एसएसडी टाकल्यावर असा उठतो की माणूस नव्याचं नावच विसरतो, माझं तर मत आहे की एचडीडीवाला लॅपटॉप एसएसडी टाकून पाहिल्याशिवाय कोणी बदलूच नये.

त्याच्याच बाजूला मेमरी, म्हणजे रॅम, चालू काम तात्पुरतं ठेवायची जागा. काम चालू असताना ती ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडून राहिली. तिथंच खाली स्लॉट किती आणि त्यातले भरलेले किती हे लिहून येते. एक रिकामा असेल तर सोन्याहून पिवळं. पण काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर पक्की डकवलेली असते, ती वाढत नाही, म्हणून मॉडेल नंबर टाकून नेटवर आधी पाहून घ्या, आणि डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही हे पण ध्यानात ठेवा, नाहीतर तालुक्याला दोन चकरा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले, म्हणून जुन्या अंदाजावर जाऊ नका, निघायच्या आधी फोन करून भाव विचारा. नागपुरात सीताबर्डीला आणि तालुक्याला वेगळा भाव मिळू शकतो, पण पाचशे रुपये वाचवायला चारशेचं तिकीट काढू नका.

बॅटरीची परीक्षा सगळ्यात सोपी, आणि खेड्यात तीच सगळ्यात कामाची. स्टार्टमध्ये cmd लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत powercfg /batteryreport असं लिहा (पॉवरसीएफजीनंतर एक जागा सोडा, स्लॅश सरळ, उलटा नको, आणि बॅटरीरिपोर्ट एकत्र), एंटर. एक फाइल तयार होते आणि ती कुठं ठेवली ते तिथंच लिहून येते. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावते. निम्म्याच्या खाली आली असेल तर बॅटरी बदला, लॅपटॉप नाही. लिथियम बॅटरी गरमीनं लवकर म्हातारी होते, त्यातही दिवसभर १०० टक्क्यांवर चार्जिंगला लावून ठेवली तर जास्तच. बऱ्याच लॅपटॉपात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा, फक्त पावसाळ्यात वारा-वादळाच्या दिवसांत पूर्ण भरून ठेवा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा खालचं झाकण फुगलं तर परीक्षा वगैरे काही नाही, ताबडतोब वापर बंद करा, दाबू नका, टोचू नका, बॅटरी फुगलेली आहे.

आता एक अशी गोष्ट जिच्यासाठी चांगला चालणारा लॅपटॉप पण बदलावा लागू शकतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकणारे सांगतात "आता हा बंद पडते", तसं काही नाही, लॅपटॉप चालतच राहतो, पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. घरी पोट्टे गाणे ऐकतात, सिनेमा पाहतात, तेवढ्यासाठी घाई नाही. पण ज्याच्यावर बँकेचं काम होते, लोकांचे आधार अन् पासबुक स्कॅन होतात, तिथं हे हलक्यात घेऊ नका. आधी पाहा की तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढते का. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या किंवा त्याच्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे आय-५ च्या पुढं ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी. मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं फुकटचं ॲप आहे, ते सरळ हो का नाही सांगते. नाही म्हणालं आणि कारण टीपीएम दिलं तर एकदा बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मूळ सेटिंग) पाहा, कधी कधी ते असते पण बंद ठेवलेलं असते. अकराच्या लायकच नसेल तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग बॅकअप चालू केलं तर फुकट मिळते. त्याच्यापुढं विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची फुकटची सिस्टिम टाकता येते, ते जुन्या लॅपटॉपवर हलकं चालते, पण थम मशीन, डिजिटल सही आणि प्रिंटर त्याच्यावर चालतात का हे आधी तपासा, दुकानदारांनी तर नक्कीच.

पैशाचा हिशोब वर्षावर करा, रकमेवर नाही. धरून चाला नवा ४५ हजाराचा आणि पाच वर्ष टिकला, तर वर्षाला ९ हजार. जुन्यात बॅटरी आणि एसएसडी मिळून ७ हजार लागले आणि तो अजून दोन वर्ष चालला, तर वर्षाला साडेतीन हजार. पण ज्याची रोजी त्याच्यावर आहे त्यानं यात एक गोष्ट जोडायची, शेवटच्या तारखेला तो बंद पडला तर काय? आमच्याकडून दुरुस्तीला नेऊन आणायला दोन दिवस जातात. एचडीडीची तब्येत पाहायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉशन (म्हणजे सावध) दिसलं तर त्याच दिवशी सगळा डेटा बाहेर काढा. बिजागरी तुटलेली, बोर्डाची दुरुस्ती दोनदा झालेली, असं असेल तर मात्र जुन्यावर पैसे लावू नका, तिथं मी पण नवाच घ्या म्हणतो.

आणि पोरीच्या कॉलेजसाठी घेत असाल तर, ती अमरावतीला जावो का नागपूरला, पहिलं सेमिस्टर घरच्यावरच काढू द्या. कोणतं सॉफ्टवेअर लागते ते तिला तिथं गेल्यावर कळते, आपल्याला बारावीच्या निकालाच्या दिवशी नाही कळत.

घ्यायचंच ठरलं तर दुकानदाराला प्रोसेसरच्या आधी हे विचारा: रॅम पुढं वाढते का, आणि वॉरंटीत इंजिनीअर आमच्या पिनकोडवर येतो का. "ऑनसाइट आहे" असं तोंडानं म्हणतील, पिनकोड टाकून दाखवायला सांगा. चार्जिंग टाइप-सी वर होत असेल तर चांगलं. जुना प्रिंटर असेल तर विंडोज ११ चा ड्रायव्हर मिळते का पाहा, अकरा फक्त ६४ बिटमध्ये येते, जुने ३२ बिटचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. नवा आणल्यावर जुना महिनाभर विकू नका. आणि विकताना रिसेटमध्ये जाऊन सगळं काढा आणि क्लीन डेटावाला पर्याय चालू करा, नुसतं डिलीट करून गावभराचे आधार कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

परवा शेजारचे काका आले होते, हाच प्रश्न घेऊन, पैसे पण खिशातच. मी त्यांना झेरॉक्सचे कोरे कागद पिन मारून दिले अन् आठ दिवसांनी या म्हटलं. आले. पाच ओळी होत्या, त्यातल्या चार "लाइन गेली, बंद पडला" आणि एक "नातवानं चहा सांडला". रिपोर्ट काढला, बॅटरी ३१ टक्के उरली होती. मॉडेल नंबर लिहून घेतला, बॅटरी सांगून ठेवली आहे, मंगळवारी येते म्हणे. उरलेल्या पैशाचं काय करता विचारलं, तर म्हणाले, "मोटारपंपाची केबल जळली न बावा."