गाडीला चावी लावण्याआधी फोनचं काय करायचं

गाडी चालवताना फोन हातात घेऊ नये, हे सगळ्यांना पटलेलं असतं. तरी फोन वाजला की हात जातोच. चालत्या गाडीत, फोन वाजत असताना "बघू की नको" हा विचार सुरू झाला की निकाल बहुतेक वेळा फोनच्या बाजूने लागतो. म्हणून हा निर्णय गाडी उभी असतानाच उरकून टाकायचा. वाटेत हात लावायचं कामच पडणार नाही, असा फोन लावून ठेवायचा. पहिल्यांदा सेटिंग करायला दहा-पंधरा मिनिटं जातात. पुढे रोज मिनिटभराचं काम.

नजर हटली की किती रस्ता मागे पडतो

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. आलेला मेसेज वाचून नुसतं "ओके" टाकायचं तरी पाच सेकंद सहज लागतात. तेवढ्यात 83 मीटर रस्ता न बघता कापला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 च्या वेगाने हेच अंतर 139 मीटर होतं.

आता ब्रेकचा हिशेब बघा. लक्ष पूर्ण रस्त्यावर असलं, तरी समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे 60 च्या वेगाने 25 मीटर. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर लागतात आणि पावसात ओल्या रस्त्यावर 35 च्या आसपास. नजर फोनवरून दोन सेकंद उशिरा वर आली, की यात 33 मीटरची भर पडते. गल्लीतून धावत आलेलं मूल किंवा दुभाजकातून शिरलेली गाय एवढी जागा देत नाही.

ब्लूटूथवर किंवा इअरफोनवर बोललं म्हणजे धोका टळला, हा मोठा गैरसमज आहे. टोरांटोत अपघात झालेल्या 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बोलत असताना अपघाताची शक्यता चौपट निघाली, आणि हँड्स-फ्रीने त्यात ठळक फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये झालेल्या 2005 च्या अभ्यासातही तेच आलं. हात मोकळे असले तरी डोकं दुसरीकडे असतं. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आडवा आला की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो आणि तुम्ही उत्तर देत राहता.

सिग्नलला थांबल्यावर फोन बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की आवाजी आज्ञा देऊन फोन किंवा गाडीतली यंत्रणा वापरली, तर काम संपल्यावरही लक्ष पूर्ण जागेवर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. सिग्नल हिरवा होतो, मागचा हॉर्न मारतो, तुम्ही फोन टाकून गाडी काढता, आणि झेब्रा क्रॉसिंगवर शेवटचा माणूस अजून रस्ता ओलांडत असतो.

हेल्मेटात खुपसलेला फोन

हे दृश्य आपल्या प्रत्येक शहरात रोज दिसतं. गाल आणि हेल्मेटचा फोम यांच्या फटीत फोन दाबून बसवलेला आणि स्वार बोलत चाललेला. हात मोकळे आहेत, म्हणून यात काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. पण नीट बघा. फोनची जागा व्हावी म्हणून पट्टा सैल केलेला असतो किंवा लावलेलाच नसतो, त्यामुळे पडल्यावर हेल्मेट आधी निघून जातं. फोन घसरू नये म्हणून मान एका बाजूला कललेली असते, त्यामुळे त्या बाजूचा आरसा आणि त्या बाजूने येणारी वाहनं नजरेआड होतात. कानावर आवाज दाबून बसलेला, त्यामुळे मागच्या बसचा हॉर्न ऐकू येत नाही. आणि स्पीडब्रेकरवर फोन निसटला की तो पकडायला डावा हात हँडल सोडून वर जातो. बाइक असेल तर क्लच सुटतो, स्कूटर असेल तर त्या हाताचा ब्रेक. समोर खड्डा आला तर उजव्या हाताने पुढचा ब्रेक एकटाच करकचून दाबला जातो आणि पुढचं चाक घसरतं.

दुचाकीवर फोनची जागा डिकीत किंवा पाठीवरच्या बॅगेत. पँटच्या खिशातही नको, कारण थरथर जाणवली की हात जातोच. रस्ता माहीत नसेल तर आवाजी सूचना सुरू करून, एकाच कानात, बेताच्या आवाजात ऐका. हँडलला होल्डर लावायचाच असेल तर कंपन शोषणारा घ्या. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने 2021 मध्ये दिला होता. पावसात होल्डरवरच्या स्क्रीनचा भरवसा धरू नका. थेंब पडले की स्क्रीन भलत्याच ठिकाणी दाबली जाते, आणि ती पुसायला पुन्हा हात जातो.

एकदाच करायची सेटिंग

आयफोनमध्ये सेटिंग्जमधून फोकस आणि त्यातलं ड्रायव्हिंग उघडा. ते आपोआप कधी सुरू व्हावं, हे तिथे निवडता येतं. चारचाकी असेल तर गाडीच्या ब्लूटूथला जोडलं की सुरू होणारा पर्याय घ्या. गाडीची चाल ओळखून सुरू होणारा पर्याय बसमध्ये किंवा रिक्षात प्रवासी म्हणून बसलात तरी लागतो, आणि मग वैतागून लोक ती सोयच बंद करून टाकतात. तिथेच आपोआप जाणारं उत्तरही लिहून ठेवता येतं. "गाडी चालवतोय, पोहोचल्यावर फोन करतो. तातडीचं असेल तर लगेच दोनदा रिंग द्या" एवढं मराठीत पुरे.

अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे जागा बदलते. सॅमसंगमध्ये "मोड्स अँड रूटीन्स"मध्ये ड्रायव्हिंग सापडेल. इतर फोनमध्ये सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "ड्रायव्हिंग" किंवा "डू नॉट डिस्टर्ब" टाका. मेसेज, व्हॉट्सॲप आणि बातम्यांच्या सूचना सगळ्या बंद. फोन फक्त आवडत्या यादीतल्या दोन-तीन माणसांचे येऊ द्या, आणि पुन्हा लगेच फोन करणाऱ्याला मुभा देणारा पर्याय चालू ठेवा. हा पर्याय आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आलेला दुसरा फोन वाजू देतो. "घरी काही झालं तर?" या काळजीमुळेच बरेच जण फोन सायलेंट करत नाहीत, आणि तिचं उत्तर या पर्यायात आहे. घरच्यांना हे सांगून ठेवा आणि त्यांच्याकडून फोन करवून तपासून घ्या. काही गाड्यांच्या ब्लूटूथवर कॉल तरीही वाजतो, तेही तेव्हाच कळेल. तातडीचा फोन आला तरी तो चालत्या गाडीत घ्यायचा नाही. आधी गाडी बाजूला.

प्रवासात घरचे "कुठे पोहोचलास?" म्हणून चार वेळा फोन करणारच. निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा. तिथे 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे पर्याय असतात. पुण्याहून कोल्हापूरला निघालात तर 8 तासांचा घ्या.

मॅपमध्ये ठिकाण घरीच टाका, आवाज सुरू करा आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांत मध्येच रेंज जाते. नकाशा गोठला की माणूस नेमका वळणावर फोनशी झटापट करतो. वाटेत बेत बदलला तर नवं ठिकाण शेजारच्याने टाकावं किंवा गाडी थांबवून तुम्ही.

चारचाकीत होल्डर काचेवर मध्यभागी उंच लावू नका, तिथे तो रस्ताच झाकतो. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या कडेला किंवा एसीच्या झडपेवर, मान न वळवता दिसेल असा लावा. "एसआरएस एअरबॅग" लिहिलेल्या झाकणावर तर कधीच नको. एअरबॅग उघडली की होल्डर फोनसकट तोंडावर येतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने गाडीतल्या उपकरणांसाठी घातलेला निकष इथेही लावा: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटता कामा नये.

थांबायचं कुठे

शहरात पेट्रोल पंप, दुकानांसमोरची मोकळी जागा किंवा सेवा रस्ता. द्रुतगती मार्गावर फूड मॉल किंवा पंप. तिथे फोनसाठी कडेच्या पट्ट्यात थांबणं म्हणजे एक धोका टाळून दुसरा ओढवून घेणं आहे. उभ्या वाहनाला मागून धडक बसण्याचे अपघात तिथे नेहमीचे आहेत. ती पट्टी गाडी बंद पडली तरच वापरायची.

कायदा काय म्हणतो, दंड किती

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरायचं संपर्क उपकरण वाहन चालवताना वापरणं हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी कलमातली शिक्षा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून तडजोडीचा, म्हणजे न्यायालयात न जाता भरायचा, दंड दुचाकीला 1,000, चारचाकीला 2,000 आणि इतर वाहनांना 4,000 रुपये आहे. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच अशा चालकांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितलं आहे.

1 ऑक्टोबर 2020 पासून नियमांत एक सवलत आहे: असं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. होल्डरवर मॅप चालेल, हातात धरून नाही. आणि "मॅपच बघत होतो" म्हणत व्हॉट्सॲप चाळणाऱ्याला ही सवलत लागू होत नाही. सिग्नलला थांबलेली गाडीही उभी करून ठेवलेली गाडी मानली जाईल, या भरवशावर राहू नका.

अपघातात कुणाचा जीव गेला तर प्रकरण दंडाच्या पलीकडे जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या वेळी फोन चालू होता का, हे पोलीस कॉलच्या नोंदींवरून तपासू शकतात. केंद्र सरकारच्या अहवालात 2021 साली मोबाइलमुळे देशभर 1,997 अपघात आणि 1,040 मृत्यू नोंदले आहेत. आमच्या मते हा आकडा फार कमी आहे. फिर्यादीत बहुतेक वेळा "हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात" एवढंच येतं आणि सीटखाली पडलेल्या फोनची नोंद होतच नाही.

चलान आलं तर

आता पकडायला हवालदार समोर असायलाच हवा असं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून चालू असलेल्या कॅमेरा यंत्रणेत वेग आणि सीटबेल्टबरोबर मोबाइलही टिपला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये आलेल्या नियम 167अ ने अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून पाठवायच्या नोटिशीला गुन्ह्यापासून 15 दिवसांची मुदत घातली.

एसएमएस आला की आधी राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून चलान उघडा. फोटो मोठा करून बघा: नंबर तुमचाच आहे का, गाडीचा रंग आणि मॉडेल जुळतंय का, हातात खरंच फोन आहे का. नंबरातला एक अंक चुकीचा वाचला गेला की भलत्याच्या नावावर चलान येतं. असं काही असेल तर पैसे न भरता तिथेच तक्रार नोंदवा. सोबत आरसीची प्रत आणि गाडीचा पुढून घेतलेला फोटो जोडा. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांनी 2025 मध्ये दिली आहे, तो मुद्दाही मांडता येतो. चूक तुमची असेल तर मात्र दंड भरून मोकळे व्हा. थकलेलं चलान न्यायालयाच्या नोटिशीपर्यंत जातं.

गाडी विकलीत आणि नाव बदलून घेतलं नाही, तर नव्या मालकाचं चलान तुमच्याकडे येईल. आणि आरटीओत जुना मोबाइल नंबर असेल तर चलान झालेलं तुम्हाला कळणारही नाही. दोन्ही गोष्टी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दुरुस्त करता येतात.

व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल आली तर ती उघडू नका. सरकारी चलान कधीही अशा फाइलने येत नाही. ती उघडल्यावर फोनचा ताबा चोराकडे जातो आणि बँक खातं रिकामं होतं. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट "डॉट गव्ह डॉट इन" असा असतो.

चालक दुसराच असेल तर

एसटी, खासगी बस, कॅब, शाळेची व्हॅन. यात फोन चालकाच्या हातात असतो आणि जीव तुमचा. एसटी महामंडळाने आपल्या चालकांना गाडी चालवताना मोबाइल वापरायला मनाई केलेली आहे. मार्च 2025 मध्ये मुंबई-पुणे ई-शिवनेरीचा चालक मोबाइलवर क्रिकेट बघत असताना एका प्रवाशाने चित्रण करून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवलं. चालकाला कामावरून काढलं आणि त्याला नेमणाऱ्या खासगी कंपनीला 5,000 रुपये दंड झाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर चित्रण जागेवर बसूनच करा. त्यात स्क्रीन आणि समोरचा रस्ता दोन्ही एकाच चौकटीत येऊ द्या. बसचा नंबर, वेळ आणि जवळचा मैलाचा दगड टिपून ठेवा. घाटात चालकाशी हुज्जत घालू नका, त्याचं लक्ष आणखी उडेल. एसटीत वाहकाला सांगा. कॅबमध्ये "फोन ठेवा, नाहीतर गाडी बाजूला घ्या, मी उतरतो" हे पहिल्या किलोमीटरलाच म्हणा. शाळेच्या व्हॅनची तक्रार चालकाकडे न करता, दोन-चार पालकांनी मिळून लेखी मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या.

फोन करणाऱ्याचाही यात वाटा आहे. पलीकडून हॉर्न ऐकू आला, वारा ऐकू आला, की विचारा, "गाडीवर आहेस का?" हो म्हणाला की "नंतर बोलू" म्हणून तुम्हीच फोन ठेवा. माल पोहोचवणाऱ्या मुलाला पत्ता फोनवर समजावत बसू नका. ऑर्डर देतानाच खूण लिहून लोकेशन अचूक टाका, आणि त्याचा फोन आला तर पहिलं वाक्य हेच असू द्या: "आधी थांब, मग सांगतो."