विंडोज अपग्रेडनंतर सीडी-डीव्हीडी रायटर दिसत नसेल तर

विंडोज ७ वरून १० वर गेल्यावर कधीकधी ‘धिस पीसी’मधून रायटर गायब होतो. बहुतेक वेळा ड्राइव्ह शाबूत असतो. जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं ती जागा) ठेवलेल्या फिल्टरच्या, म्हणजे ड्राइव्हच्या ड्रायव्हरला जोडलेल्या जादा ड्रायव्हरच्या, नोंदी आड येतात.

आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन) ड्राइव्हचं नाव दिसतं का ते बघा. तिथेच नसेल तर साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी डेटा केबल) आणि पॉवरची पिन तपासा, पुढचं काही करू नका. नाव असेल, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड १९, ३१, ३२, ३७, ३९ किंवा ४१ असेल, तर:

१. विंडोज की + आर दाबून ‘रेजएडिट’ उघडा.
२. एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE) → सिस्टिम → करंट कंट्रोल सेट → कंट्रोल → क्लास इथे जा.
३. ४डी३६ई९६५ (4D36E965) ने सुरू होणारी की, म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर, निवडा. उजवीकडे ‘क्लास’समोर ‘सीडीरॉम’ लिहिलेलं असलंच पाहिजे.
४. फाइल → एक्सपोर्ट करून त्या कीचा बॅकअप घ्या.
५. उजवीकडच्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी उडवा (कधी एकच असते), मग रीस्टार्ट.

आकडा दोनदा वाचा. शेजारचीच ४डी३६ई९६७ ही हार्डडिस्कची आणि ४डी३६ई९६बी कीबोर्डची की आहे. तिथले ‘अपर फिल्टर्स’ काढले तर मशीन सुरूच होणार नाही किंवा कीबोर्ड बंद पडेल.

नंतर ड्राइव्ह दिसला पण बर्निंग सॉफ्टवेअर चालेना, तर त्याची विंडोज १० ला चालणारी आवृत्ती पुन्हा इन्स्टॉल करा.