जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालय पाहण्यापूर्वीची तयारी

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसी चर्चला लागून जो मठ आहे, त्याच्या इमारतीत १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. घरी पाहुणे आले की आपण त्यांना बॉम जेझस आणि से कॅथेड्रल ही चर्चे दाखवतो, आणि बहुतेक वेळा संग्रहालयाच्या दारावरून तसेच परततो. ज्यांना आत जायचे आहे त्यांनी थोडी तयारी करून जावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्या नगराचा इतिहास आत मांडला आहे ते नगर आज बाहेर उरलेले नाही. चर्च आणि मठ टिकले. घरे, बाजार, वखारी, राजवाडे गेले. वस्तू पाहताना हे शहर ज्याच्या त्याला मनातच पुन्हा उभारावे लागते, आणि त्यासाठी लागणारी माहिती घरूनच न्यावी लागते.

सर्वांत आधी कालक्रम पक्का करावा. पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचे नगर गोपकपट्टण जुवारी नदीच्या काठी, आजच्या थोरल्या गोव्याच्या (गोवा वेल्हा) परिसरात होते. मांडवीच्या काठावरचे नगर, म्हणजेच जुने गोवे, त्याच्या नंतरचे, हा फरक मनात स्पष्ट असावा, नाहीतर कदंबकालीन मूर्ती आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची चित्रे एकाच शहराची म्हणून पाहिली जातात. १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानाने गोवा बहमनी राज्यात आणला, पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकर्कने मांडवीकाठचे नगर जिंकले. त्याच वर्षी आधी एकदा जिंकून त्याला ते सोडावे लागले होते. १५३० पासून हे नगर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते; अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार येथून चाले आणि १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना येथेच सुरू झाला. पुढे साथींनी शहर पोखरले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीने, पणजीत मुक्काम हलवला, १८३५ मध्ये ख्रिस्ती धार्मिक संघ बंद झाल्यावर मठ ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एवढ्या तारखा एका कागदावर उतरवून खिशात ठेवल्या तरी पुरे.

दिवस ठरवताना शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असते. ते उघडे असल्याची खात्री मात्र निघण्याआधी करून घ्यावी. सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, ३ डिसेंबरला असते आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. त्या काळात वाहने लांब ठेवावी लागतात आणि शांतपणे काही पाहणे अवघड जाते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. कॅमेऱ्याविषयीचा नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावा. शेजारच्या चर्चमध्येही जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याच्या दिशेने जाणाऱ्या अनेक बसगाड्या जुन्या गोव्याला थांबतात आणि अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. शक्य असेल तर बगल रस्ता सोडून रायबंदरमार्गे जावे. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबलचक बांध १६३०च्या दशकात व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत बांधला गेला. डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरांची सखल जमीन पाहत गेले की जुने शहर नदीच्या भरवशावर कसे उभे होते, हे पुस्तकापेक्षा लवकर कळते.

संग्रहालयात शिरण्याआधी अर्धा तास बाहेर चालावे, हा माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे; ती आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची म्हणून ओळखली जाते. तेथून नदीकडे चालत गेले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली आणि १९५४ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. जहाजातून उतरलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात येई, आणि तेथून सुरू होणारा सरळ रस्ता हा बाजाराचा मुख्य रस्ता होता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज झाडी आणि हिरवळ आहे. ही मोकळी जागा डोळ्यांत घेऊन मगच आत जावे.

आत शिरताच आल्बुकर्कचा भव्य ब्राँझ पुतळा दिसतो, जो एके काळी पणजीत होता. पोर्तुगीज कवी कामोंइश याचा पुतळाही असाच बाहेरच्या चौकातून आत आणलेला आहे. मोठेपणामुळे हे पुतळे लक्ष खेचून घेतात, पण सर्वाधिक वेळ दगडी शिल्पांसाठी राखून ठेवावा. येथील वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहण्यासाठी त्यांची वाचनपद्धत माहीत हवी: वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या भागात वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या भागात शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा साधारण क्रम असतो. सतीशिळेवर बांगड्या घातलेला उभारलेला हात असतो. काही वीरगळांवर जहाजांवरची लढाई कोरलेली आहे, आणि कदंबांच्या आरमारी सामर्थ्याचा याहून थेट पुरावा क्वचितच पाहायला मिळतो. समुद्रावरची सत्ता पोर्तुगिजांबरोबरच गोव्यात आली असे मानणाऱ्याने या शिळेसमोर पाच मिनिटे उभे राहावे. मराठी आणि फारसी शिलालेखही येथे आहेत. मराठी लेखांची अक्षरे झिजलेली असली तरी ती आपली आहेत. मुलांना एकेक अक्षर ओळखायला सांगावे, आणि त्यासाठी वही व पेन्सिल बरोबर असावी. दगडाला हात मात्र लावू नये.

वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रमाला आहे. जिना चढावा लागतो, त्यामुळे वडीलधारी माणसे बरोबर असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी. ही मालिका व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रु याने १५४७ मध्ये सुरू करवली आणि तिचे काम इतिहासकार गास्पार कोरैया याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने केले. त्या चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढच्या काळात ही चित्रे वारंवार दुरुस्त केली गेली आणि त्यांवर पुन्हा पुन्हा रंग चढला, म्हणून चेहऱ्यांपेक्षा पोशाख, शस्त्रे आणि कुलचिन्हे यांकडे अधिक लक्ष द्यावे. सगळी नावे वाचत बसल्यास थकवा येतो; वास्को द गामा, आल्बुकर्क, काश्त्रु आणि व्हाइसरॉयची कमान आणि रायबंदरचा बांध यांच्याशी जोडलेले नंतरचे शासक एवढे शोधले तरी कालक्रमाच्या कागदाशी ताळा जमतो. या दालनात राज्य करणारे भेटतात. होडी वल्हवणारे, चिरे वाहणारे, सोने घडवणारे, बाजारात बसणारे भेटत नाहीत. त्यांचा शोध घेत पाहावे, म्हणजे संग्रहालयातील नाण्यांकडे आणि लाकडी मूर्तींकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

मोठ्या मुलांबरोबर जाणार असाल तर इन्क्विझिशनविषयी घरीच बोलून घ्यावे. ख्रिस्ती धर्माविरुद्ध मानल्या गेलेल्या वर्तनाबद्दल लोकांवर खटले चालवणारे, १५६० मध्ये सुरू झालेले हे धर्मन्यायपीठ, मधला थोडा काळ वगळता, १८१२ पर्यंत चालले आणि त्याची इमारत कॅथेड्रलजवळच होती. आता तिचा मागमूस नाही. मुले प्रश्न विचारतातच, आणि घाईघाईने दिलेले उत्तर एकतर द्वेष शिकवते किंवा सत्य झाकते. शेजारी राहणारे ख्रिस्ती कुटुंब आणि सोळाव्या शतकातली सत्ता यांच्यातला फरक आधीच नीट समजावून सांगितलेला बरा.

परतताना वेळ उरला तर व्हाइसरॉयच्या कमानीपलीकडच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते. कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ स्थान तेथे होते. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय मात्र त्याच दिवशी उरकू नये. तेथील चांदीकाम आणि हस्तिदंती मूर्तींसाठी वेगळी सकाळ ठेवावी.